कुमारिकेचा घास

दोन वर्षांपूर्वी टायफॉइडमधून उठल्यावर द्वारकाबाईंनी देवीला बोलून ठेवलं होतं, की रोज कुमारिकेला आपल्या हातानं दहीभाताचा घास भरवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही. नवागामच्या त्या एका खोलीत कुमारिका घरचीच होती, पाच वर्षांची नात चंचल.

यंदा चंचलला टायफॉइडनं दुसऱ्यांदा धरलं. पोर मरता मरता वाचली. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितली, तेव्हा द्वारकाबाई हसल्या. "मला काय धाड भरलीय, माय? मला तर देवीनं कधीच उठवलंय."

रिपोर्ट वाईट आला तो फक्त त्यांचाच.

"आजी, तुम्ही बऱ्या झालात, पण जंतू तुमच्या पोटातच राहिले," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातावाटे तेच पोरीच्या पोटात गेले. औषध पुरं होईस्तोवर कुठल्याच लेकराला हातानं भरवू नका."

"नाही भरवणार," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या.



आज चौथा दिवस. चंचल आपल्या हातानं वरणभात खातेय, आणि सून मनीषा सासूबाईंचं झाकलेलं ताट तसंच उचलून ठेवतेय.