शिडाची आधीची जागा

मी तिरका दिवा धरला आणि बंदराच्या त्या तैलचित्रात, होडीच्या शिडाखाली दुसरं शीड उमटून दिसलं. चित्रकाराने ते आधी डावीकडे काढलं होतं, मग त्यावर आभाळ रंगवून उजवीकडे घेतलं होतं.

"सही नाहीये, सर," चित्र घेऊन आलेली मुलगी म्हणाली. "सगळे म्हणतात, तुमच्या गाजलेल्या चित्राची नक्कल आहे. दत्ताराम मयेकरांची मुलगी मी. बाबा वैशाखात गेले."

कॉलेजात असताना दत्ताराम आणि मी हर्णैला एका खोलीत राहिलो होतो. तो धक्क्यावर बसून दिवसभर रंगवायचा. तो जेवायला गेला की मी त्याचं चित्र माझ्या कॅनव्हासवर उतरवून घ्यायचो. पदक मला मिळालं. त्याने ते चित्र कधी कुठे लावलंच नाही.

चित्रांची पारख शिकवताना मी पहिल्याच दिवशी सांगतो, मूळ चित्रकार जागा शोधत असतो, म्हणून रंगाखाली खाडाखोड सापडते. नक्कल करणाऱ्याला सगळं आयतं मिळतं. माझ्या चित्राखाली एकही खाडाखोड नाही.

"नक्कलच आहे," मी दिवा बंद करत म्हणालो.

तिने मान हलवली आणि चित्र जुन्या चादरीत गुंडाळलं. ती सुतळीची गाठ मारत असताना मी गाठीवर बोट धरलं.

"बाबा स्वतः कधी काही बोलले नाहीत," ती म्हणाली. "एवढंच म्हणायचे, कधी विचारावंसं वाटलं तर त्यालाच विचार. तो खोटं नाही सांगायचा."