कथलाचा डाग

माकुणसारच्या वाडीत मुकुंदनं दोन वर्षं खपून स्वतःच्या हातानं एकट्यापुरतं विमान बांधलं. त्याच्या रेडिओसाठी अँटेनाच्या केबली करायचं काम वडिलांनी, दिनानाथांनी, आपल्याकडे घेतलं, कारण पालघरला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. "तो वर गेला तरी त्याचा आवाज खाली सारखा येत रायला पायजे," एवढंच मुकुंदच्या आईचं, सुलूचं, म्हणणं होतं. म्हणून दिनानाथांनी केबलीतली तांब्याची जाळी जपून सोलली, टोकांना कथलाचा डाग दिला आणि मनासारखा उतरेना तेव्हा तो काढून पुन्हा दिला.

पासष्ट सालच्या जानेवारीत, ओहोटीला, केळव्याच्या वाळूवरून विमान उडालं. समुद्रावर एक फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत इंजिन बंद पडलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विमान पाण्यात गेलं.

होडीवाल्यांनी मुकुंदचा मृतदेह काठावर आणला. सुलू बराच वेळ त्याच्या उशाशी बसून राहिली, मग नवऱ्याकडे वळली. "हेडफोन तुमच्या कानाला होता. शेवटी काय बोलला तो?"

दिनानाथांना शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला होता. इंजिन थांबल्यापासून पाण्यात पडेपर्यंत मुकुंद आईला हाका मारत होता.



"कायच ऐकू नाय आलं," ते म्हणाले. "माज्याच हातची केबल कच्ची निघाली."