तिला काही सांगू नका

डॉक्टरांनी मिन्कोला एकट्यालाच बाहेर बोलावलं, तेव्हा त्यानं मागचं दार हळूच ओढून घेतलं.

आत नेदा डोळे मिटून बसली होती. चार दिवस तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे ठिपके येत होते, म्हणून तो बायकोला घेऊन आला होता. "आलोच आहोत तर तुझेही डोळे दाखव," म्हणत तिनंच त्याला यंत्रासमोर बसवलं. "ह्या निळ्या डोळ्यांवर भाळले होते, डॉक्टर. आता मेल्यांना सुईचं नेढं दिसत नाही." डॉक्टरही हसले होते.

आता हसत नव्हते. डॉक्टर तसा पोरगाच, जर्मनीत शिकून नुकताच परतलेला. बोलताना नजर चुकवत नव्हता.

"मिन्कोकाका, डाव्या डोळ्यात आत गाठ आहे. कॅन्सरची."

मिन्कोनं भिंतीला हात टेकला. गावात असलं काही निघालं की डॉक्टर घरच्या माणसाला बाहेर बोलावतात. रोग्याच्या कानावर रोगाचं नाव जाऊ देत नाहीत. आईच्या वेळीही त्यालाच बोलावलं होतं. बिचारी शेवटपर्यंत अल्सरच्या म्हणून गोळ्या गिळत राहिली.

"डोळ्याचा कॅन्सर? कधी ऐकला नाही."

"ऐकणार कुठून? लाखातल्या एकालाही होत नाही. अख्ख्या बल्गेरियातले वर्षभराचे रोगी एका बसमध्ये मावतील."

"मग आमच्याच घरात कसा?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही, काका. पण वेळेत सापडलाय. सोफियाच्या मोठ्या इस्पितळात मी फोन करतो, गुरुवारी पोहोचा. टाळाटाळ केली तर डोळाच काय, जीवही जाईल."

मिन्कोनं दाराकडे बोट केलं. "तिला काही सांगू नका."

डॉक्टरांनी त्याच्याकडे नवलानं पाहिलं. "तुमची मर्जी. पण फार दिवस लपवू नका. जड जाईल."

"जाऊ दे जड."

परतताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला काय म्हणाले गं?"

"रक्तदाब वाढलाय म्हणे. गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. आणि तुला काय म्हणाले एवढं, बाहेर नेऊन?"

पोरगा खोटं बरं बोलतो, मिन्कोला वाटलं. "चष्म्याचं. सोफियाला जायचंय, दोघांनी. तिथं मोठं यंत्र आहे."

"चष्म्यासाठी सोफिया? खुळावलास की काय?"

त्यानं तिला एक बादली उचलू दिली नाही. सकाळची कॉफीही तोच करायला लागला. एकदा ती कपात न पडता शेजारी मेजावर पडली.

"हात कापतोय का रे?"

"वय झालं, बाई."

दाराच्या चौकटीवर त्याचा डावा खांदा पुन्हा आपटला, तेव्हा नेदा नुसती बघत राहिली. ढोबळ्या मिरच्यांत भात भरताना ती गुणगुणायची आणि त्याला ते ऐकवेना. तो उठून देवळात गेला, मेणबत्ती लावली. "तिचा डोळा नको," तो पुटपुटला. "घ्यायचाच तर माझा घे. दोन्ही घे."

गुरुवारची बस गच्च भरली होती. मिन्को एकेक चेहरा न्याहाळत बसला. देशभरातले रोगी ते एवढेच. मग त्यांत हिनंच का बसावं? त्याला देवाचा संताप आला. नेदा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

सोफियाच्या इस्पितळात नर्स दारात आली, तसा तो लगबगीनं पुढे झाला आणि तिच्या कानाशी लागला. "ताई, एवढे उपकार करा. तिला रोगाचं नाव कळता कामा नये."

असली विनवणी रोजचीच असावी. "नाही कळणार, काका," नर्स म्हणाली. "मिन्को वेल्कोव्ह म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच. आणि ही माझी बायको."

"त्यांना इथंच बाकावर बसू द्या."

तिनं त्याला दंडाला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, हनुवटी वर केली आणि उपचाराचा डोळा चुकू नये म्हणून निळ्या पेनानं त्याच्या डाव्या भुवईवर फुली मारली.

मिन्कोला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि इतक्या दिवसांनी त्याचा जीव भांड्यात पडला.