आठवी जागा

मार्तंडकाकांनी फळ्यावरची नावं पुन्हा वाचली. आठ रॉकेटं, आठ नावं, आणि त्यात नलिनी नाही. त्यांचं डोकंच फिरलं.

चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरातली सकाळ. मुलुंडच्या मिठागरांलगतच्या मैदानावर विज्ञान मंडळाची पोरं केव्हाची जमली होती. कागदाच्या नळ्या वळून रॉकेट करायला त्यांना शिकवलं ते काकांनीच. भांडुपच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते ते. पण काकांच्याही पुढे गेली ती नलिनी. छत्री उघडून अलगद खाली येणारं रॉकेट मंडळात पहिल्यांदा करायला घेतलं तिनं. गेल्या वर्षी छत्री अडकली आणि रॉकेट नाकावर चिखलात रुतलं. मग मे महिन्यात कोकणात, गावी, घाईघाईत तिचं लग्न झालं. मंडळात पत्रिका नाही, नुसते पेढे आले. पण जाण्याआधी ती काकांना बजावून गेली होती, की डिसेंबरात मी येणार म्हणजे येणार, छत्री उघडून दाखवल्याशिवाय गप्प बसणार नाही.

आणि आज आठव्या जागी कोण, तर कुणी वसुधा.

सेक्रेटरी नंदकिशोरनं सांगून पाहिलं, की नलिनीच्या नावाचा फॉर्मच आला नाही. या वसुधा परबबाईंचा मात्र पोस्टानं आला, रॉकेटचं खोकंही काल कुणीतरी आणून ठेवलं. काकांना यातलं एक अक्षरही पटलं नाही. मुलगी सासरी गेली की तिला विसरून मोकळं व्हायचं, हे त्यांनी घरोघर पाहिलं होतं. मंडळातही तेच? तीन वर्षं जिनं डिंकात बोटं बरबटून घेतली, तिला एक पोस्टकार्ड टाकायची बुद्धी कुणाला होऊ नये? संतापानं त्यांचे कान तापले.

“ही बाई मंडळाची सभासद आहे? रजिस्टर काढ.”

रजिस्टरात वसुधा कुठेच नव्हती.

“नसेना का काका,” नंदकिशोर म्हणाला, “एवढ्या हौसेनं पाठवलंय तिनं. निदान खोकं उघडून बघू या ना.”

“हात लावायचा नाही. सभासद नाही, तर रॉकेट उडणार नाही. आमच्या नलिनीला जागा नाही आणि हिला आहे? मी असेपर्यंत तरी नाही.”

नंदकिशोरनं हात टेकले. काकांनी स्वतः खडू उचलला आणि वसुधाच्या नावावर आडवी रेघ मारली.

एकेक करत बाकीची सात रॉकेटं उडाली. राहिलं ते रॉकेटात भरायचं दारूचं आठवं नळकांडं. मंडळाला परवानगी मोजून आठांचीच होती. नलिनी आली असती तर काकांनी ते तिच्याच हातात ठेवलं असतं. पण साडेदहा वाजून गेले, मैदान अकराला सोडायचं होतं, आणि रस्त्याकडे बघून बघून त्यांची मान दुखायला लागली. शेवटी त्यांनी ते सहदेवला दिलं. त्याचं पहिलं उड्डाण फुसकं निघालं होतं. या वेळी त्याचं रॉकेट सुसाट वर गेलं, तिरकं झालं आणि मिठागरांपलीकडे दिसेनासं झालं. पोरांनी टाळ्या पिटल्या. काकांनाही बरं वाटलं. निदान कुणीतरी नलिनीची बाजू घेतली होती.

टाळ्या थांबताथांबता कडेला रिक्षा येऊन थांबली. नलिनी उतरली. साडीचा पदर खोचून ती जवळजवळ धावतच आली. सासूबाईंनी दुपारपर्यंतच सोडलंय, बोरीवलीहून इथवर यायलाच उशीर झाला, असं धापा टाकत सांगत होती. तिला पाहून काकांना भरून आलं.

“ये गं पोरी. तुझ्यासाठी भांडलो आज सगळ्यांशी.”

ती फळ्याकडे बघत होती.

“काका, फॉर्म ह्यांनी भरला होता,” ती म्हणाली. “सासरी माझं नाव वसुधा ठेवलंय. ते खोडलं कुणी?”