पट्टीची मनधरणी

“आज आकडा हलला नाही, तर विषय बंद,” सर म्हणाले आणि मास्क नाकाच्या वरपर्यंत ओढून पिवळ्या रेघेमागे उभे राहिले.

त्यांची संशोधक विद्यार्थिनी, तीही मास्क चढवून शेजारी उभी राहिली. मोजणी चालू असताना रेघेमागे राहायचं, मास्क काढायचा नाही, हा सरांचा नियम होता आणि सरांना अख्खी प्रयोगशाळा टरकून असे. समोर टेबलावर दोन चिमट्यांमध्ये तिची पट्टी होती, नखाएवढी. प्रथिनांचे तुकडे जोडून केलेली लांब साखळी. विजेच्या बाबतीत मुळात मठ्ठ. वीज वाहावी म्हणून तिनं त्या साखळीला आम्लाची शेपटं जोडली होती. आणि वाहत होती की! पण प्रयोगशाळेत ती एकटी असताना. सर आले रे आले, की मीटरवरचा आकडा शून्यावर ठाण मांडून बसायचा.

आत्ताही बसला होता.

“तुझ्या नोंदींत मात्र हजारपट वाढ दिसते,” सर म्हणाले. मास्कमुळे त्यांच्या चष्म्यावर नेहमीसारखं धुकं साचलं होतं. पुसायला त्यांनी तो काढला. “मला बघून लाजते का ही? की आकडे घरी बसून लिहिलेस?”

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. वेंधळी म्हणा, आळशी म्हणा; खोटारडी? तिचे डोळे भरून आले आणि पाठोपाठ डोकंच फिरलं. रेघ ओलांडून ती टेबलापाशी गेली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि पट्टीवर ओणवी झाली.

“काय गं ए भवाने! रोज एवढी मनधरणी करते तुझी, तेव्हा बरी चालतेस! आणि सरांसमोर माझं नाक कापतेस?”

आकडा चढायला लागला.

ती दचकून गप्प झाली, मागे सरली. आकडा उतरला.

“पुन्हा शिव्या दे,” सर म्हणाले.

तिनं दिल्या. पुन्हा चढला.

“रोज अशी मास्क काढून बोलतेस हिच्याशी?”

“एकटी असले की... हो, सर.”

सरांनी हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. काच अजून ओलसर होती.

“वाफ!” ते ओरडले. “तुझ्या श्वासातली ओल पिते ही!”

“म्हणजे माझ्या शेपटांचं काहीच नाही? सगळी वाफेचीच करामत?” तिचा चेहरा पडला.

सरांनी चिमट्यांत शेपटं नसलेली जुनी पट्टी लावली. तिनं वाकून त्या पट्टीवर पुन्हा पुन्हा वाफ सोडली. पट्टी ढिम्म.

मग तिची पट्टी परत लागली, आणि आजवर प्रयोगशाळेत कुणी पाहिलं नव्हतं ते घडलं. सरांनी मास्क खाली ओढला. आत चांगली झुपकेदार मिशी होती. मिशी पट्टीला टेकेल इतके ते वाकले.

“शाब्बास गं पोरी,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “जिंकलंस!”

आकडा भराभर चढत होता. हे शब्द ऐकायला ती चार वर्षं झुरली होती. सरांची नजर मात्र पट्टीवरच होती. ती क्षणभर घुटमळली. मग त्यांच्या शेजारी तशीच ओणवी होऊन हळूच म्हणाली, “थँक्यू, सर.”

आकडा आणखी वर गेला.