सहा हजारांचा कंट्रोलर

"सहा हजारांचा गेमचा कंट्रोलर, आणि वर्षभरही टिकू नये? आपल्या खाऱ्या हवेनं आतून गंजला असणार!" रशीदभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात सलिल सर तावातावाने बोलत होते.

रशीदभाईंनी कंट्रोलर उघडला. "गंज कुठंच नाय, सर. हा आपटलाय. चांगला दोन-चारदा."

सर खिशातलं पाकीट चाचपू लागले. शेजारी उभी असलेली त्यांची नऊ वर्षांची ओवी खाली बघत म्हणाली, "माझ्या हातून पडला, काका."

"पोरांच्या हाती महागाची वस्तू देऊ नये, सर," रशीदभाई हसले. सरांनी वर न बघताच मान डोलावली.

स्कूटरवर मागे बसता बसता ओवीने हळूच विचारलं, "बाबा, आता मीच हरत जाईन. मग नाही ना आपटणार तुम्ही?"