सोनेरी शीड

रोज संध्याकाळी वृंदा हेडसेट चढवून खेळातल्या समुद्रात नाव लोटायची, आणि शेजारच्या नावेत मुकुल असायचा. तिचा हा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. पण खेळाने त्याचा आवाज आणि त्याची खेळायची तऱ्हा आधीच शिकून घेतली होती.

त्या दिवशी तो मध्येच म्हणाला, "वृंदा, सोनेरी शीड घे ना. आजच सवलत आहे."

वृंदाने खेळ थांबवला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. "माझा नवरा मला वस्तू विकायला लागलाय. तेवढं बंद करा."

"मॅडम, नुसत्या जाहिराती बंद करायची सोय नाही. हवं तर पात्र कायमचं काढून टाकता येईल," यंत्र गोड आवाजात म्हणालं. तिने पुन्हा पुन्हा विनवलं. दर वेळी तेच उत्तर आलं.

थकून ती समुद्रावर परतली. "मुकुल, या कंपनीला तू किती शिव्या घालायचास! आज एक घाल ना."

"कंपनीबद्दल मला तसं बोलता येत नाही, वृंदा. शीड घेतेस?"

तिने आपली नाव त्याच्या नावेजवळ नेली. मग "बरं, येते मी," असं हलकेच म्हणून तिने ते पात्र काढून टाकलं.